वाघमाऱ्यांचा हलका डबा

आमच्या शेजारचे वाघमारे पिस्तुलाची काडतुसं घरी करतात. दुकानात मिळत नाहीत म्हणून नव्हे. परवाना दाखवला की हवी तेवढी मिळतात. पण वाघमारे गॅरेजमध्ये बसून एकेक काडतूस हाताने भरतात, डब्यांत रचतात, डब्यांवर चिठ्ठ्या लावतात आणि महिन्यातल्या एका रविवारी दोन डबे घेऊन नेमबाजीच्या क्लबवर जातात. संध्याकाळी परत येतात तेव्हा एक डबा रिकामा असतो आणि दुसरा जसाच्या तसा भरलेला. तो पुन्हा कपाटात जातो. पुढच्या महिन्यात तोच डबा पुन्हा गाडीत. मला वाटलं, काडतुसांना अधूनमधून मोकळ्या हवेत फिरवून आणायची काही पद्धत असेल. परका देश, आपल्याला काय ठाऊक!

मी नाशिकची. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. किवी पक्ष्यांच्या देशात, पापाकुराला मुलाकडे सहा महिने राहायला आले तेव्हा निवांत वाचन करायचं असं ठरवून आले होते. पण मुलगा आणि सून सकाळी सातला बाहेर पडले की घरात मी आणि फ्रिजची घरघर एवढंच उरायचं. तिसऱ्या दिवशी मी फ्रिजला ‘गप्प बस’ म्हणाले. तेव्हाच मला कळलं की आता शेजार शोधायला हवा.

शेजार स्वतःच कुंपणावर येऊन उभा राहिला. हातात फळांनी फाटायला आलेली पिशवी.

“किया ओरा, मावशी! फिजोआ घ्या. हीप्स आलेत या वर्षी, ढिगाने. झाड ऐकतच नाही.”

“हा पेरूच आहे ना?” मी वास घेऊन विचारलं.

“या, नाह,” वाघमारे म्हणाले.

मी उभ्या आयुष्यात हजारो मुलांना ‘हो की नाही, एक काय ते सांग’ असं दरडावलं आहे. इथे पंचावन्न वर्षांचा इंजिनियर माणूस ‘या’ म्हणजे हो आणि ‘नाह’ म्हणजे नाही, एका दमात दोन्ही सांगत होता. पुढे माझ्या लक्षात आलं की हे त्यांचं कायमचं उत्तर आहे. पाऊस येईल का? या, नाह. बायको घरी आहे का? या, नाह, म्हणजे आहे पण झोपली आहे, नाइट झाली तिची. त्यांची बायको सुजाता हॉस्पिटलात नर्स. वाघमारे स्वतः पाण्याच्या पाइपलाइनींचे इंजिनियर, मूळचे नागपूरचे, चोवीस वर्षं इथे. अंगात शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, आणि खाली थंडी असो की ऊन, रबरी चपला. त्यांना ते जँडल्स म्हणतात.

“मावशी, या एकदा गॅरेजमध्ये. रिलोडिंग दाखवतो,” ते म्हणाले.

मला वाटलं, मोबाइलचं काही असेल. माझ्या मोबाइलमधल्या बऱ्याच गोष्टी रिलोड होत नव्हत्या, म्हणून मी तो घेऊनच गेले. त्यांनी तो दारातच माझ्याकडून काढून घेतला आणि खिडकीत ठेवला.

“आत फोन नाही, चहा नाही, गप्पा नाहीत. चष्मा आहे?”

“आहे.”

“मग बसा.”

गॅरेज असं की आमच्या शाळेची प्रयोगशाळा लाजावी. टेबलावर भिंतीला टेकून चकलीच्या सोऱ्यासारखं पण लोखंडी, लांब दांड्याचं एक यंत्र. एक छोटा तराजू, ज्याच्यावर वाघमाऱ्यांनी माझ्या देखत पेन्सिलीने केलेल्या एका रेघेचं वजन करून दाखवलं. म्हणजे आधी कोरा कागद, मग रेघ मारलेला कागद. फरक आला! मला तो दिसला नाही, पण त्यांना इतका आनंद झाला होता की मी ‘अरे वा’ म्हटलं. फळीवर सुजाताची लहानशी पितळी बुद्धमूर्ती. आणि कोपऱ्यात जमिनीला बोल्ट मारलेली तिजोरी. पिस्तूल तिच्यात होतं. ते मी त्या दिवशी पाहिलं नाही, पाहायचीही इच्छा नव्हती.

त्यांनी मला समजावलं. काडतूस उडालं की पितळेची रिकामी पुंगळी मागे राहते. लोक ती टाकून देतात. वाघमारे गोळा करतात, धुतात, पुन्हा आकारात आणतात, बुडाला दिवाळीतल्या टिकलीसारखी एक टिकली बसवतात, पोटात मोजून पावडर घालतात आणि तोंडाशी शिसं दाबून बसवतात. झालं नवीन.

“आणि मग?”

“मग पुन्हा उडवायचं, पुन्हा भरायचं.”

“पण कशासाठी?”

वाघमाऱ्यांनी हातातली पुंगळी खाली ठेवली. “या, नाह, मावशी, तसा प्रश्न नाही पडला कधी.”

माझा गोंधळ इथूनच सुरू झाला. हा माणूस रोज सकाळी पंचशील म्हणतो. बाथरूममध्ये कोळी दिसला तर पेल्याखाली धरून, वर पोस्टकार्ड सरकवून, बागेत नेऊन सोडतो आणि त्याला ‘सॉरी, मेट’ म्हणतो. एकदा लाकडांच्या ढिगात हाताएवढा, काटेरी पायांचा किडा निघाला. वेटा म्हणतात त्याला. मी किंचाळले. वाघमाऱ्यांनी त्याला लाकडासकट झाडाखाली नेऊन ठेवलं आणि मला हळू आवाजात सांगितलं, “मावशी, ओरडू नका, तो घाबरतो.” आणि हाच माणूस संध्याकाळी काडतुसं भरत बसतो.

मी विचारलंच. ते म्हणाले, “मी कागदावर मारतो, मावशी. कागदाला दुखत नाही. आणि खरं सांगू? मारण्यात मला तेवढी मजा नाही. मोजण्यात आहे.”

मला मात्र एक पद मिळालं. पावडर घातलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या असायच्या. त्यावर दिवा धरून मी एकेकीत डोकावायचं. पावडर ठीक उंचीवर असेल तर ‘आहे’ म्हणायचं, कमी-जास्त दिसली तर हात वर करायचा. बाकी एक शब्द नाही.

“तुम्ही आत्ताच तर पाहिलंत,” मी पहिल्या दिवशी म्हणाले.

“मी पाहिलं. पण माझे डोळे माझंच ऐकतात. एखादी रिकामी राहिली किंवा एकीत दोनदा पडली, तर हातातलं पिस्तूल फुटेल. दुसऱ्याचे डोळे पाहिजेत.”

मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर माझ्या डोळ्यांची कुणाला गरज पडली नव्हती. मी पन्नास वेळा ‘आहे’ म्हणायची, ते पन्नास वेळा मान हलवायचे. मुलगा घरी आल्यावर विचारायचा, “आई, आज काय केलंस?” मी सांगायची, “हजेरी घेतली.” तो बिचारा काळजीने बायकोकडे बघायचा.

दोन प्रकारचे डबे भरले जात. एकावर ‘साधा’, दुसऱ्यावर ‘तेजू – हलका’. साधा डबा क्लबवर रिकामा होऊन यायचा, हलका फिरून यायचा. कपाटात हलक्याची चळत वाढली होती. त्यातला सगळ्यात जुना डबा काढून वाघमारे एका हातोडीसारख्या अवजाराने ठोकून ठोकून एकेक काडतूस उघडायचे, पावडर काढून टाकायचे आणि त्याच पुंगळ्या नव्याने भरायचे. केलेलं मोडून पुन्हा करायला लावणं ही मी शाळेत शिक्षा म्हणून दिली आहे. हा गृहस्थ ती स्वतःला हौसेने देत होता.

“तेजू कोण?” शेवटी मी विचारलं. गप्पांना बंदी होती, पण त्या दिवशी पावडरचा डबा बंद होता.

“मुलगी. ब्रिस्बेनला असते. फिजिओ आहे.”

मग हळूहळू बाहेर आलं. तेजू इथलीच, इथे जन्मलेली. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर क्लबवर गेली आणि तिला नेमबाजीचं वेड लागलं. पण नेटबॉल खेळताना मनगट मोडलेलं. विकतच्या काडतुसांचा झटका तिला सोसेना. घरी येऊन बर्फ लावून बसायची, सोडायला मात्र तयार नव्हती. वाघमाऱ्यांना बंदुकीतलं काही कळत नव्हतं. त्यांनी पुस्तकं आणली, क्लबातल्या एका म्हाताऱ्या पाकेहा, म्हणजे गोऱ्या, गृहस्थाकडे आठ शनिवार जाऊन बसले आणि पोरीच्या मनगटाला झेपेल असं हलकं काडतूस करायला शिकले. पहिले तीन महिने प्रत्येक प्रयोग फसला. एक इतका हलका झाला की पिस्तुलाने पुंगळी बाहेरच टाकली नाही. दुसरा बरा होता पण कागदापर्यंत सरळ जाईना. मग एका रविवारी तेजूने दहा झाडली आणि मागे वळून म्हणाली, “सॉफ्ट ॲज, डॅड.” म्हणजे एकदम मऊ.

“हा बघा,” वाघमाऱ्यांनी वही उघडून दाखवली. आकड्यांच्या पानावर एका ओळीसमोर पोरीच्या अक्षरात तेच दोन शब्द लिहिलेले होते. “यानंतर कृती बदलली नाही.”

तेजूला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिकडे पगार बरा, ऊन बरं. इथली निम्मी पोरं तिकडेच जातात म्हणे.

“मग अजून का भरता?”

“आली एखाद्या वेळी तर? शिळी द्यायची का तिला?”

“तिला सांगितलंय, तुम्ही भरून ठेवता म्हणून?”

वाघमारे एकदम गडबडले. “नको, मावशी. तुम्हीही सांगू नका हां कधी. तिला वाटेल मी बोलावतोय.”

मी कबूल केलं. फोनवर हा बाप लेकीला काय विचारतो ते मी कुंपणापलीकडून ऐकलं होतं. ‘जेवलीस? तिकडे किती डिग्री? बरं, सुजाताला देतो.’ एवढंच.

आता माझ्या पराक्रमाकडे वळते. ऑगस्टमध्ये मी सहज म्हणून ती पितळी बुद्धमूर्ती चिंच-मीठ लावून घासून दिली. सुजाता हरखून गेली. “मावशी, वीस वर्षांत अशी दिसली नव्हती!” वाघमाऱ्यांनी तर मूर्ती उलटीसुलटी करून पाहिली. ते पुंगळ्या धुवायला एक फिरतं पिंप वापरत, त्यात मक्याच्या कणसाचा भुसा घालून ते चार-चार तास घरघरत ठेवत. मी त्या पिंपाकडे तुच्छतेने पाहिलं. नाशिकमधल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं की पितळेला चिंच लागते, मका नाही.

सप्टेंबरात वाघमारे कामासाठी चार दिवस राजधानीला, वेलिंग्टनला गेले, सुजाता नाइटवर. गॅरेजमध्ये टोमॅटोची रोपं रुजत घातली होती, त्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे. काडतुसं, पावडर सगळं कुलपात होतं. बाहेर फळीवर मला फक्त आइस्क्रीमचा एक जुना डबा दिसला. झाकण काढलं तर आत शंभरेक पुंगळ्या, काजळीने काळ्या ठिक्कर. म्हटलं, बिचाऱ्यांना वेळ झाला नसेल. आल्यावर बघतील आणि चाट पडतील.

ओटाहुहुच्या इंडियन दुकानातून आणलेली चिंच घरात होतीच. बादलीभर कोमट पाण्यात चिंच कोळली, मूठभर मीठ टाकलं आणि पुंगळ्या रात्रभर भिजत ठेवल्या. सकाळी चोळून, नळाखाली धुऊन, सुती पंच्यावर वाळत घातल्या. काजळीचा मागमूस उरला नाही. जरा गुलाबी झाक आली होती, पण ती मला सुरेखच वाटली.

वाघमारे परत आले तेव्हा मी गॅरेजच्या दारातच उभी होते, निकाल लागलेल्या मुलीसारखी. त्यांनी एक पुंगळी उचलली. दिव्याकडे धरली. दुसरी उचलली. मग खाली बसले.

“मावशी, रात्रभर ठेवल्या?”

“हो. का?”

“आंबटात जास्त वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं. हा गुलाबी रंग म्हणजे नुसतं तांबं. कच्च्या झाल्या. आता भरता नाही येणार.”

“अरेरे! मग दुसऱ्या घेऊ. मी मुलाला सांगते—”

“या, नाह. भरायच्या नव्हत्याच त्या.” ते खूप सावकाश बोलत होते. “स्वीट ॲज, मावशी, काही बिघडलं नाही. तुम्हाला काय माहीत.”

त्यांनी आइस्क्रीमच्या डब्याचं झाकण उचलून पुसलं आणि परत ठेवलं. मी घरी जाताना ते उचलून पाहिलं. त्यावर चिठ्ठी होती, पेनाने नीट लिहिलेली: ‘तेजू. शेवटचा रविवार. धुवू नये.’

ब्रिस्बेनला जाण्याआधी तिने झाडलेली ती शेवटची शंभर होती. त्यांच्यावरची काजळी तिच्या हातून लागलेली होती. दोन वर्षं त्यांनी ती तशीच ठेवली होती, आणि मी ती चिंच लावून घासून काढली. ज्या बाईला डोळ्यांसाठी नेमलं होतं तिचा चष्मा पुंगळ्या भिजत घातल्या त्या दिवशी घरी पलंगावर होता.

मला इतकं अपराधी शाळेत कुणाला नापास करतानाही वाटलं नव्हतं. वाघमारे एक शब्द वावगा बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. आठवडाभर गॅरेजमध्ये दिवा दिसला नाही. कुंपणावर भेटले की ‘किया ओरा’ म्हणायचे, हवेबद्दल बोलायचे आणि आत जायचे. हजेरीचं बोलावणं येईना. माझं परतीचं तिकीट ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातलं होतं. हे असंच टाकून निघायचं, या विचाराने मला जेवण जाईना.

मी सुजाताकडे गेले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मावशी, तेजूला मी सांगितलं तर तो महिनाभर माझ्याशी बोलणार नाही. तुम्ही सांगा. तुम्ही तर जाणारच आहात.” आणि तेजूचा नंबर दिला.

शाळेतल्या मुलांनी विश्वासाने सांगितलेलं मी कधी कुणाला सांगितलं नाही. वाघमाऱ्यांना दिलेला शब्द मात्र मी मोडला. मी मराठीत बोलत होते, ती इंग्रजीत उत्तरं देत होती. चिंच सांगितली, गुलाबी रंग सांगितला, ती हसायला लागली. मग मी झाकणावरची चिठ्ठी सांगितली. हसू थांबलं.

“ही केप्ट दोज?”

“दोन वर्षं. आणि अजून भरतो तुझ्यासाठी. हलकी. कपाट भरलंय. जुनी झाली की उघडून पुन्हा भरतो. दर महिन्याला एक डबा क्लबवर नेतो नि परत आणतो.”

 मला वाटलं फोन तुटला, म्हणून मी तो हलवून पाहिला.

“आंटी, ही नेव्हर सेज एनीथिंग. ही जस्ट आस्क्स मी द टेंपरेचर.”

“अगं, तेच तो विचारतो,” मी म्हणाले. “बाकीचं त्याला विचारता येत नाही.” आणि मला रडू आलं, म्हणून मीच फोन ठेवला.

लेबर वीकेंडला, तीन दिवसांची सुट्टी धरून, तेजू आली. बापाला न सांगता. टॅक्सीतून उतरली तेव्हा वाघमारे जँडल्स घालून झाडाला पाणी घालत होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, नळ बंद केला, पाइप नीट गुंडाळून ठेवला आणि मग विचारलं, “जेवलीस?”

रविवारी मला क्लबवर नेलं. शेजारच्या रानात मेंढ्या चरत होत्या, एवढ्या आवाजातही मान वर न करता. मी कानांवर जाड झाकणं लावून मागच्या बाकावर बसले होते. तिजोरीतलं ते पिस्तूल मी तेव्हा पाहिलं. माझ्या कल्पनेपेक्षा बरंच लहान निघालं. तेजूने गाडीतून उतरवलेला ‘हलका’ डबा उघडला. वाघमारे तिच्या डाव्या हाताला, दोन पावलं मागे. तिने दहा झाडली. समोर कागदाला कुठे भोकं पडली ते मला दिसलं नाही. ती मागे वळून काहीतरी म्हणाली, ते झाकणांमुळे ऐकूही आलं नाही. पण वाघमाऱ्यांनी चष्मा काढून शर्टाने पुसला, परत लावला, परत काढून पुसला.

कागदाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. सगळं थांबल्यावर, परवानगी मिळाल्यावर, ते वाकून गवतातून पुंगळ्या वेचायला लागले. गुडघे टेकून, एकेक. तेजूही बाजूला बसून वेचायला लागली. 

तेजू सोमवारी गेली. मी गुरुवारी निघणार होते. बुधवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये दिवा दिसला आणि कुंपणावरून हाक आली. मी गेले. मोबाइल आपणहून खिडकीत ठेवला. मला वाटलं, आता शब्द मोडल्याबद्दल ऐकावं लागणार. वाघमाऱ्यांनी आइस्क्रीमचा एक नवा डबा माझ्यापुढे ठेवला. आत काळ्या पुंगळ्या. झाकणावर, चारही बाजूंना आणि उलटा करून दाखवला तर बुडालाही, जाड मार्करने बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘धुवू नये.’

मग त्यांनी पावडर भरलेला पन्नासाचा ठोकळा पुढे सरकवला आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं.

“मावशी, चष्मा आणलाय ना?”

“आहे,” मी म्हटलं.